घर रंगवायला काढताय? कोल्हापूरच्या पावसात टिकेल असा रंग निवडण्याची पद्धत

रंगाच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, "शेड कुठली घेणार?" मग घरातले सगळे शेड कार्डावर वाकतात, तास-दीड तास चर्चा होते, आणि ज्या भिंतीवर तो रंग बसायचा आहे तिच्याबद्दल कोणी एक शब्द काढत नाही. खरा क्रम याच्या उलट आहे. आधी भिंत कसली आहे ते बघायचं, मग तिला पाणी कुठून लागतंय ते शोधायचं, त्यावरून रंगाचा प्रकार ठरवायचा आणि शेड सगळ्यात शेवटी. आमचं पेठेतलं जुनं घर आणि उपनगरातलं नवीन घर, दोन्ही मी स्वतः उभं राहून रंगवून घेतली आहेत. दोन्हीकडे लागलेले रंग वेगळे, कारण भिंती वेगळ्या. पहिल्यांदाच घर रंगवायला काढणाऱ्याला जे आधी माहीत असायला हवं ते क्रमाने सांगतो.

१. भिंत ओळखा

घरात सगळ्या भिंती एकसारख्या दिसल्या तरी तशा असतातच असं नाही. कोपऱ्यात किंवा कपाटामागे, जिथं दिसणार नाही तिथं, खिळ्याने थोडं खरवडून बघा. राखाडी आणि टणक लागलं तर सिमेंटचा गिलावा. पांढरट, मऊ, पिठासारखं सुटलं तर चुन्याचा. तपकिरी माती निघाली तर मातीचा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ या भागांतल्या जुन्या घरांत खाली दगड, वर विटा आणि मध्ये कधीतरी केलेली सिमेंटची डागडुजी असं मिश्रण सर्रास सापडतं.

त्यानंतर वर आधीचा रंग कुठला आहे ते बघा. तळहात घासून पांढरी भुकटी लागली तर चुना, डिस्टेंपर (पाण्यात कालवायचा, खडूसारखा स्वस्त रंग) किंवा उन्हाने मेलेलं सिमेंट पेंट आहे. ओल्या फडक्याने जोरात पुसल्यावर रंग फडक्यावर उतरला तर साधं डिस्टेंपर. काहीच उतरत नसेल तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एका जागी घासत राहा. रंग चिकट होऊन बोळ्याला लागला तर इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग, ज्याला प्लॅस्टिक पेंटही म्हणतात), तसाच राहिला तर ऑइल पेंट (तेलातला रंग).

हे एवढं कशाला, असं वाटेल. कारण डिस्टेंपर न खरवडता त्यावर इमल्शन मारलं तर नवा रंग भुकटीला चिकटतो, भिंतीला नाही. आणि गुळगुळीत ऑइल पेंटवर नुसतीच पुट्टी (भिंत सपाट करायचा लेप) ओढली तर ती पापुद्र्यासारखी सुटते. डिस्टेंपर पूर्ण खरवडावं लागतं, ऑइल पेंट पॉलिश पेपरने खडबडीत करावं लागतं. पेंटरच्या मजुरीतला मोठा भाग या कामाचा असतो, म्हणून दर ठरवण्याआधीच हे तुम्हाला माहीत हवं.

एक इशारा इथंच. जुन्या घरांच्या दारं-खिडक्यांवर आणि भिंतींवर ऑइल पेंटचे थर असतात, आणि जुन्या रंगांत शिसं असण्याची शक्यता असते. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचे थर कोरडे घासू नका. पाणी मारून ओले घासा, मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर तेवढे दिवस त्यांना दुसरीकडे ठेवा आणि निघालेला चुरा केरसुणीने न उडवता ओल्या फडक्याने गोळा करा.

२. पाणी कुठून येतंय ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या. रंग उडण्याच्या तक्रारींत दोष बहुतेक वेळा भिंतीतल्या पाण्याचा निघतो, डब्यातल्या रंगाचा क्वचितच.

ओल चार वाटांनी येते आणि प्रत्येकीची खूण वेगळी असते.

जमिनीतून चढणारी ओल तळापासून दोन-तीन फुटांपर्यंत वर येते. तिची वरची कड लाटेसारखी दिसते आणि त्या कडेला पांढरा खार फुटतो. बाहेरच्या भिंतीतून शिरणारी ओल पावसाळ्यात दिसते, दिवाळीनंतर नाहीशी होते, आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात किंवा तुळई-विटांच्या सांध्यावर आधी उमटते. गच्चीची ओल छतावर आणि छताला लागून असलेल्या भिंतीच्या वरच्या पट्ट्यात येते. नळाची किंवा बाथरूमची ओल बारा महिने असते. उन्हाळ्यातही डाग तसाच राहिला तर प्लंबर बोलवा, पेंटर नको.

शंका असेल तिथं एक सोपी परीक्षा करा. दीड फूट लांब-रुंद असा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या आणि चारही कडांनी टेप मारून भिंतीवर घट्ट बसवा. एक दिवस राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या अंगाला, थेंब जमले असतील तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या अंगाला असतील तर ती खोलीतल्या हवेतली ओल आहे आणि त्यावर खिडकी उघडणं हा उपाय पुरतो. जुन्या घराच्या माजघरात हे प्लॅस्टिक लावलं तेव्हा गवंडीमामा म्हणाले, "ओल न्हाई ती, गारवा हाय." सकाळी टेप सोडली तर आतून पाण्याची धार खाली ओघळली. मामांनी बोटांच्या पेरांनी भिंतीवर ठोकत ठोकत खालपासून वर आवाज ऐकला. गुडघ्याच्या उंचीपर्यंत पोकळ, वर भरीव. जिथं आवाज बदलला तिथं त्यांनी कोळशाने रेघ मारली आणि तेवढाच गिलावा फोडायचा ठरला. आवाजाची ही तपासणी तुम्हीही करू शकता. गिलावा पोकळ वाजत असेल तर त्यावर कितीही भारी रंग लावा, तो गिलाव्यासकट खाली येणार.

खार फुटलेला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतला तर तो विरघळून परत भिंतीत जातो आणि वाळल्यावर पुन्हा वर येतो.

आतल्या बाजूने वॉटरप्रूफ कोट मारला की काम झालं, असं दुकानात सांगितलं जातं. गळतीचं मूळ बंद झाल्यावर तो कोट उपयोगी पडतो. मूळ चालू असताना नुसता आतून मारला तर पाण्याची वाट अडते, पाणी थांबत नाही, आणि मग ओल कोट संपतो त्याच्या वर दिसायला लागते. आधी गच्चीचा उतार, पावसाचे पाइप, खिडकीवरच्या छज्ज्याची भेग, बाहेरचा गिलावा. हे झाल्यावर एक पावसाळा भिंतीवर नजर ठेवता आली तर फारच चांगलं.

पुराचं पाणी आलेल्या घरांसाठी

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी गाठतं, हे आपल्याकडे शाळेतली पोरंही सांगतात. २००५, २०१९ आणि २०२१ साली ज्यांच्या घरात पंचगंगा शिरली त्यांना भिंत किती पाणी पिते हे वेगळं सांगायला नको. ऑगस्टमध्ये पाणी ओसरलं आणि दिवाळीला घर चकचकीत करायचं, ही घाई समजण्यासारखी आहे. पण ती भिंत तेवढ्यात वाळत नाही. २०१९ नंतर अशी घाईत रंगवलेली कितीतरी घरं पुढच्या उन्हाळ्यात पोपडे टाकताना मी पाहिली.

अशा घरात आधी गाळ धुवा, जंतुनाशक वापरा, फुगलेला गिलावा आणि जुना प्लॅस्टिक पेंट काढून भिंत उघडी करा, दारं-खिडक्या सताड उघडी ठेवा आणि निदान एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्या. तोवर सणापुरतं चुन्याचा एक हात मारा. चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो आणि स्वस्तही पडतो. घर दरवेळी पाण्यात जाणाऱ्या पट्ट्यात असेल तर पाण्याच्या खुणेपर्यंत पुट्टी आणि महाग इमल्शन लावूच नका. तेवढ्या उंचीला चुना किंवा सिमेंट पेंट लावा, वर हवं ते. दोन रंगांची ती रेघ नीट पट्टी धरून मारली तर दिसायलाही चांगली दिसते.

३. वेळ ठरवा

आतलं काम पाऊस सोडून कधीही होतं. बाहेरचं काम नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत उरका. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो. दुपारपर्यंत कडक ऊन आणि चारच्या सुमाराला आभाळ काळं. सकाळी मारलेला हात वाळायच्या आत गारांचा पाऊस झाला तर भिंतीवर ओघळ उमटतात. "पावसाआधी उरकून टाकू" म्हणत मेअखेर काम सुरू करणाऱ्याला नम्रपणे पुढची तारीख द्या.

थंडीत पहाटे दव पडतं, नदीकाठच्या भागांत धुकं उशिरापर्यंत असतं. भिंत हाताला कोरडी लागल्याशिवाय ब्रश लावू देऊ नका. भर दुपारी तापलेल्या भिंतीवरही नको, कारण पाणी झटकन उडून जातं आणि रोलरचे पट्टे राहतात. उन्हाच्या मागे मागे काम फिरवायचं. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची.

आणखी एक गोष्ट शेडकार्डावर कधीच लिहिलेली नसते. ऊस तोडणीच्या हंगामात करवीर तालुक्यातल्या गावांत, गुऱ्हाळांच्या आणि साखर कारखान्यांच्या आसपास काळी राख उडते. पाचट पेटवलं की तिच्या सळ्या वाऱ्यावर तरंगत येतात आणि ओल्या रंगावर बसतात. शेजारचा फड कधी तुटणार आहे ते विचारून मगच बाहेरचा शेवटचा हात मारा.

नवीन बांधकामाला थांबण्याची वेगळीच गरज असते. ताज्या सिमेंटमध्ये क्षार तीव्र असतो आणि तो रंगाला खातो, डाग पाडतो. गिलाव्याला पाणी मारणं बंद झाल्यावर किमान चार आठवडे भिंत वाळू द्या. मध्ये पावसाळा आला तर याहून बराच जास्त वेळ. वास्तुशांतीची तारीख गिलाव्याच्या हिशेबाने धरा.

४. बाहेरच्या भिंतींचा रंग

आपल्याकडे मोसमी पाऊस पश्चिमेकडून, गगनबावडा-पन्हाळ्याच्या बाजूने येतो. म्हणून पश्चिम आणि नैऋत्येच्या भिंतीवर तो आडवा बसतो. पूर्वेची भिंत त्या मानाने सुखी असते. बजेट कमी असेल तर चारही भिंतींना मध्यम दर्जाचा रंग लावण्यापेक्षा पश्चिम आणि दक्षिणेला उत्तम ॲक्रिलिक एक्स्टिरियर इमल्शन लावा आणि बाकीच्यांना साधं. मात्र दोन वेगळ्या प्रकारांत एकच शेड नंबर दिला तरी रंग अगदी हुबेहूब जुळत नाही. म्हणून बदल नेहमी घराच्या कोपऱ्यावर करा, भिंतीच्या मध्ये नाही.

प्रकार असे आहेत:

- सिमेंट पेंट, ज्याला सगळे सरसकट स्नोसेम म्हणतात. भुकटी पाण्यात कालवायची, भिंत ओली करून लावायची आणि नंतर गिलाव्यासारखं त्यावर पाणी मारायचं. पाणी मारायला टाळाटाळ केली की हाताला भुकटी लागते. कंपाउंडची भिंत, जिन्याखालची बाजू, गोठा, मागचं अंगण इथं हा अजूनही योग्य रंग आहे. राहत्या घराच्या दर्शनी भिंतीला नको.
- साधं एक्स्टिरियर इमल्शन. आडोशाच्या भिंतींना ठीक.
- उत्तम ॲक्रिलिक एक्स्टिरियर इमल्शन. यात शेवाळ आणि बुरशी रोखणारी द्रव्यं जास्त, ऊन सोसण्याची ताकद जास्त. कोल्हापुरात राहत्या घराला माझं मत यालाच.
- रबरासारखं ताणणारं इलास्टोमेरिक कोटिंग. बारीक केसासारख्या भेगा असलेल्या भिंतीवर आणि गच्चीच्या कठड्यावर. हे जाड लागतं, त्यामुळे डबे जास्त लागतात. तळातून ओल चढणाऱ्या भिंतीवर हे मारू नका, आत अडकलेलं पाणी फुगे आणतं.
- टेक्स्चर, म्हणजे खडबडीत नक्षी उठवणारा जाड रंग. दिसायला देखणं, पण त्याच्या खाचांत धूळ आणि शेवाळ बसतं. पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. पोर्चमध्ये, छताखाली शोभतं.

आतला रंग बाहेर कधीच वापरू नका, दुकानदार "चालतंय की" म्हणाला तरी. त्यात ऊन-पाऊस सोसण्याची सोय नसते. बाहेरचा रंग आत, विशेषतः झोपायच्या खोलीत, लावण्याचीही गरज नाही. त्यातली बुरशीनाशकं बंद खोलीसाठी नसतात.

शेवाळ असेल तर ब्रशने खरवडा, ब्लीचिंग पावडरचं पाणी लावा, थोडा वेळ ठेवून स्वच्छ धुवा आणि पूर्ण वाळू द्या. हातमोजे घाला. ब्लीचिंगमध्ये ॲसिड किंवा संडास साफ करण्याचं लिक्विड चुकूनही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. शेवाळावरच रंग मारला तर पहिल्या पावसात ते रंगाखालून डोकं काढतं.

शेड निवडताना गेरू, मातकट पिवळा, क्रीम, राखाडी या बाजूला राहा. लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनणारे हे मातीचे रंग उन्हात टिकतात. भडक लाल, जांभळा, पोपटी हे पश्चिमेच्या उन्हात लवकर उतरतात, आणि गडद भिंत उन्हाळ्यात खोली तापवते.

घराला काळा दगड असेल तर तो रंगवू नका, ही माझी कळकळीची विनंती. १८८४ साली पूर्ण झालेला आपला न्यू पॅलेस राजवाडा काळ्या दगडातच उभा आहे, त्याला कुणी रंग लावलेला नाही. दगडावर ऑइल पेंट मारला की सांध्यांतली ओल अडते, आणि नंतर तो काढताना दगडाचं अंग जातं.

५. चुन्याच्या आणि मातीच्या गिलाव्याला काय लावायचं

चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर ऑइल पेंट, प्लॅस्टिक पेंट किंवा सिमेंटची पुट्टी चढवली की सोडण्याची वाट बंद होते. दोन-तीन पावसाळ्यांत रंगाबरोबर गिलाव्याचे चक्क थर सुटतात. अशा भिंतीला चुनाच लावा. चुनकळी (भाजलेला, न विरवलेला चुना) पाण्यात विरवून, मुरवून, कापडाने गाळून घ्या, त्यात डिंकाचं पाणी घाला, पांढऱ्यासाठी थोडी नीळ, रंगासाठी गेरू किंवा पिवडी (पिवळी माती). पातळ हात मारायचा आणि वाळल्यावर दुसरा. चुनकळी विरवताना पाणी उकळ्या मारतं, अंगावर उडतं. डोळ्यांना चष्मा लावा, लोखंडी पिंप वापरा आणि मुलांना दूर ठेवा. डागडुजीही चुन्यानेच करा. सिमेंटचं ठिगळ चुन्याच्या भिंतीत टिकत नाही.

६. आतल्या खोल्या

छताला साधं पांढरं इमल्शन किंवा डिस्टेंपर पुरतं. तिथं कोणाचा हात लागत नाही. बैठकीच्या खोलीला मॅट किंवा हलकी चमक असलेलं चांगलं इमल्शन. चमक जितकी जास्त तितका रंग पुसायला सोपा, पण भिंतीतला प्रत्येक उंचवटा तितकाच उठून दिसतो. खिडकीतून तिरपा उजेड येणारी भिंत असेल तर मॅटच घ्या.

स्वयंपाकघराला पुसता येणारं सॅटिन इमल्शन. तांबड्या रश्श्याच्या फोडणीचे शिंतोडे मॅट रंगावर बसले की पुसताना रंगच निघतो. देवघराच्या मागची भिंत आणि जिन्याची भिंत यांनाही तेच. बाथरूमच्या छताला बुरशीरोधक रंग घ्या आणि एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा.

डिस्टेंपर नावाला लोक नाक मुरडतात. भाड्याने द्यायची खोली, माळा, कोठीची खोली यांना ते अगदी रास्त आहे. फक्त पुढे तिथं इमल्शन लावायचं झालं तर ते खरवडावं लागेल, हे लक्षात ठेवा.

शेड ठरवताना एक लिटरचा सॅम्पल डबा घ्या आणि दोन फूट चौरस पट्टा भिंतीवर दोन हात मारून बघा. सकाळी बघा, रात्री दिव्याखाली बघा. कार्डावरचा रंग पूर्ण भिंतीवर नेहमी जास्त गडद वाटतो. दोन शेडमध्ये अडलात तर फिकी घ्या.

७. पुट्टी आणि प्रायमर: सगळ्यात जास्त गोंधळ इथं

पुट्टी दोन जातीची. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पोत्यात कोरडी मिळते, पाण्यात कालवतात. ती गिलावा ओला करून थेट सिमेंटवर लावायची, खाली प्रायमर (रंगाला पकड देणारा आधीचा थर) लागत नाही. पाण्याला ती त्यातल्या त्यात सोसते. ॲक्रिलिक पुट्टी बादलीत तयार मिळते, ती फक्त आतल्या कोरड्या भिंतीला, आणि तिच्याखाली प्रायमर हवा. बाहेरच्या भिंतीला ॲक्रिलिक पुट्टी मारलेली असेल तर पावसाळ्यात ती मऊ होऊन फुगते. बाहेर मुळात पुट्टीची गरज कमीच. खड्डे आणि भेगा भरा, बाकी प्रायमर आणि रंग.

पुट्टीचे पातळ दोन हात द्या, एकच जाड नको. वाळल्यावर घासा, धूळ पूर्ण झाडा, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. "प्रायमर कशाला, रंगाचा एक हात जादा मारू" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. पुट्टी रंग पिते आणि भिंत ठिगळ-ठिगळ दिसते. बाहेरचा प्रायमर वेगळा, आतला वेगळा.

८. लोखंड, पत्रा, लाकूड

ग्रिलचा गंज तारेच्या ब्रशने काढा, त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारा, मग इनॅमलचे दोन हात. रात्रभर उघडं ठेवलं तर दवाने पुन्हा गंज धरतो. जस्ताच्या पत्र्यावर ऑइल पेंट थेट मारू नका. जस्त आणि तेल यांची आपसात क्रिया होऊन रंग सालीसारखा सुटतो. त्यासाठी जस्ताच्या पत्र्याचा वेगळा प्रायमर मिळतो. सागवानी जुनी दारं रंगाने झाकू नका, पॉलिश करा.

९. किती रंग लागेल

पेंटरच्या अंदाजावर अवलंबून राहू नका, टेप घ्या. खोली १० बाय १२, उंची १० फूट धरू. चार भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले १० म्हणजे ४४० चौरस फूट. दार २१, खिडकी १६ वजा केली की ४०३. छत १२०, ते वेगळं. डब्यावर "दोन हातांना लिटरला १२० चौरस फूट" लिहिलं असेल तर साडेतीन लिटरच्या आत काम होतं, चार लिटरचा डबा घ्या. बाहेरच्या खरखरीत भिंतीला रंग जवळपास दुप्पट लागतो. दोन हातांना लिटरमागे ५०-६० चौरस फूट धरा.

एका भिंतीला लागणारा सगळा रंग एकाच वेळी, एकाच बॅच नंबरचा घ्या. मशिनवर मिसळलेला रंग परत घेत नाहीत आणि दुसऱ्या वेळी कालवला की किंचित फरक पडतो.

१०. पेंटरशी आणि दुकानात बोलताना

दर चौरस फुटावर ठरतो, मजुरीचा वेगळा आणि मटेरियलसकट वेगळा. मी मजुरीवर काम देतो आणि मटेरियल स्वतः लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणतो. फेऱ्या वाढतात, पण कुठला डबा फुटला ते डोळ्यांसमोर राहतं. हे मुद्दे कागदावर घ्या:

- दारं-खिडक्यांचं माप वजा धरायचं की नाही
- जुना रंग खरवडणं, भेगा भरणं, परांची, फरशी झाकणं दरात आहे का
- पुट्टी, प्रायमर, रंग प्रत्येकी किती हात
- प्रत्येक डब्याचं पूर्ण नाव, नुसतं "कंपनीचा माल" नको
- पैसे टप्प्याने, शेवटचा हप्ता काम तपासून

बऱ्याच कंपन्यांच्या बादलीत पेंटरसाठी टोकन असतं, ते दिलं की त्याला पैसे मिळतात. त्यात गैर काही नाही, तो त्याच्या धंद्याचा भाग आहे. पण एखाद्याच डब्याचा फार आग्रह होत असेल तर टोकनाचं कारण असू शकतं, हे डोक्यात असू द्या. टोकन तुमचंच राहील असं म्हणत वाद घालण्यापेक्षा ते पेंटरला द्या आणि डबा मात्र तुम्ही निवडा.

रंगात पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. मापी भांडं जवळ ठेवा आणि पहिलं मिश्रण तुमच्यासमोर करायला सांगा. जास्त पाणी घातलेला रंग दिवाळीला चांगला दिसतो आणि गुढीपाडव्यापर्यंत उतरतो.

सात-दहा वर्षांच्या वॉरंटीच्या गप्पा ऐकल्यात तर अटी वाचा. कंपनीचाच प्रायमर, ठरलेले हात, पक्कं बिल आणि कधीकधी नोंदणी, हे सगळं असेल तर ती लागू होते. गच्चीच्या गळतीने किंवा खालून चढणाऱ्या ओलीने रंग गेला तर ती सहसा लागत नाही.

११. जवळ ठेवायचं सामान आणि कागद

सामान: मोजपट्टी, जाड प्लॅस्टिक आणि टेप, स्पिरिट, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर खडबडीत आणि बारीक, मास्किंग टेप, जुन्या चादरी, मास्क, हातमोजे, चष्मा, मापी भांडं.

कागद: पेंटरचं लेखी कोटेशन, दुकानाचं जीएसटी बिल, प्रत्येक डब्याच्या शेड कोडचा आणि बॅच नंबरचा मोबाइलवर फोटो, वॉरंटी कार्ड. अपार्टमेंट असेल तर बाहेरच्या कामाला सोसायटीची लेखी परवानगी, भाड्याचं घर असेल तर मालकाची. पेठेत गल्ली अरुंद, परांची रस्त्यावर येणार असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगा आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयात विचारून घ्या. उंचावर काम करणाऱ्या माणसाला सुरक्षा पट्टा द्यायला लावा. कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख नसेल तर स्वतः आणून द्या.

१२. काम संपल्यावर

पेंटर जायच्या आधी दिवसा सगळे पडदे उघडून आणि रात्री टॉर्च भिंतीला समांतर धरून भिंत बघा. घासण्याच्या रेघा, सुटलेले ठिपके, स्विचबोर्डच्या कडा त्यात लगेच दिसतात. नवीन इमल्शन भिंत निदान पंधरा दिवस ओल्या फडक्याने पुसू नका आणि कपाटं चिकटवून ठेवू नका.

उरलेला रंग लहान घट्ट डब्यात काढा. डबा जितका भरलेला तितका रंग आत टिकतो. वर खोलीचं नाव, शेड कोड आणि तारीख लिहा आणि सावलीत ठेवा. पहिल्या पावसाळ्यानंतर, साधारण ऑक्टोबरमध्ये, गच्चीचा कठडा, छज्ज्यांची खालची कड आणि पश्चिमेच्या खिडक्यांचे कोपरे एकदा फिरून बघा. तिथं भेग दिसली तर त्याच आठवड्यात भरा आणि जपून ठेवलेल्या डब्यातला रंग तेवढ्यापुरता लावा.